तीन पडदे की एकच रुंद? सिम रेसिंगच्या खोलीतले गणित

पुणे, प्रतिनिधी

संगणकाच्या पडद्यावर मोटार शर्यती खेळणाऱ्यांच्या वर्तुळात एक वाद गेली अनेक वर्षे सुरू आहे. समोर तीन मॉनिटर अर्धवर्तुळात मांडावेत, की एकच लांबलचक वक्राकार मॉनिटर घ्यावा, हा तो वाद. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे या जुन्या वादाला नवे निमित्त मिळाले. मोठा मॉनिटर आता तुलनेने स्वस्त झाला असेल, तर तीन मॉनिटरचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविकच आहे. मात्र, या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर सापडत नाही. ते खोलीची लांबी-रुंदी, डोळ्यापासून पडद्याचे अंतर आणि संगणकाची ताकद या तीन गोष्टींत दडले आहे.

करातील तफावत मिटली

१ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संगणक मॉनिटरवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के कर आकारला जात होता. ही सीमारेषा पडद्याच्या कर्णावर आखलेली होती. पडद्याचा आकार चौकोनी आहे की पट्टीसारखा लांबट, याचा विचार त्यात नव्हता. परिणामी एक विसंगती निर्माण झाली होती. नेहमीच्या आकाराच्या ३२ इंची मॉनिटरचे क्षेत्रफळ सुमारे २,८२५ चौरस सेंटिमीटर भरते. लांबट आकाराच्या ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटरचे क्षेत्रफळ मात्र जेमतेम २,६५० चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे प्रत्यक्षात लहान असलेल्या पडद्यावर ग्राहक दहा टक्के जादा कर भरत होता. शर्यतींसाठी लांबट मॉनिटर घेणाऱ्यांना याची झळ सर्वाधिक बसत होती.

करापूर्वी एक लाख रुपये किंमत असलेला मोठा मॉनिटर पूर्वी करासह १ लाख २८ हजारांना पडत असे. तोच आता १ लाख १८ हजारांना पडायला हवा. दहा हजारांची ही बचत लहान नाही. उलट तीन २७ इंची मॉनिटर घेणाऱ्याच्या खर्चात या बदलाने एका रुपयाचाही फरक पडलेला नाही, कारण त्यांच्यावर आधीपासूनच १८ टक्के कर होता. अर्थात, दुकानातील किंमत केवळ करावर ठरत नाही. रुपयाचा दर, आयातीचा खर्च आणि सुट्या भागांची टंचाई यांचाही तिच्यावर परिणाम होतो. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपच्या किमती जगभर वाढल्या. नवा संगणक जुळवू पाहणाऱ्यांची करातून झालेली बचत या वाढीने काही अंशी गिळली.

पुण्यात हा प्रश्न का महत्त्वाचा?

पुणे हे मोटारींचे शहर आहे. पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात टाटा मोटर्स, बजाज ऑटो, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन अशा कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः शर्यतीची गाडी बांधून कोईमतूर येथे होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांना जातात. गाडी बनविण्याचे ज्ञान या शहरात मुबलक आहे. गाडी शर्यतीत चालविण्याची संधी मात्र तितकी सहज मिळत नाही. राष्ट्रीय स्तरावरील शर्यतींची परंपरा असलेली सर्किटे चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोईमतूरची कारी मोटर स्पीडवे ही दोन. दोन्ही पुण्यापासून हजार किलोमीटरपेक्षा दूर आहेत. ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट, जेथे २०११ मध्ये भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, ते त्याहूनही लांब. राज्यात कोल्हापूरने कार्टिंगची आवड जोपासली आहे. तरीही प्रवास, टायर, इंधन, परवाना आणि दुरुस्ती यांचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरचाच राहतो.

ही दरी काही प्रमाणात भरून काढण्याचे काम सिम रेसिंग करते. स्टिअरिंग, पेडल आणि संगणक यांच्या साह्याने खऱ्या सर्किटच्या मोजमापावर बेतलेल्या रस्त्यावर गाडी चालवायची, असा हा प्रकार. येथे गाडीचे वजन कोणत्या चाकावर सरकते, टायर किती तापतो, ब्रेक किती आधी दाबावा, याचे गणित प्रत्यक्षाच्या बरेच जवळ जाते. २००९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हंगामादरम्यानच्या चाचण्यांवर निर्बंध आल्यानंतर संघांनी सिम्युलेटरवर मोठा भर दिला. ब्रिटनच्या यान मार्डेनबरोने २०११ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो’ या खेळावर आधारित स्पर्धा जिंकली आणि दोनच वर्षांनी ल मॉन्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरे स्थान मिळविले. २०२० च्या टाळेबंदीत सर्किटे ओस पडली, तेव्हा फॉर्म्युला वन आणि ल मॉन्स या दोघांनीही आभासी शर्यती भरविल्या. चाकणशी नाते असलेल्या फोक्सवॅगनच्या भारतातील मोटरस्पोर्ट विभागानेही त्या वर्षी आभासी अजिंक्यपद स्पर्धा घेतली.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडेला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली, तर ई-क्रीडेला स्वतंत्र स्थान दिले. पडद्यावरील शर्यत हा फावल्या वेळेचा उद्योग आहे, ही समजूत त्यामुळे मागे पडत चालली आहे. अशा वेळी पालकांपुढे ठेवल्या जाणाऱ्या लाख-दीड लाखांच्या मागणीचा विचार जाहिरातींच्या आधारे न होता हिशेबाने व्हायला हवा.

इंच नव्हे, अंश मोजा

मॉनिटर इंचांत विकला जातो. चालकाला मात्र तो अंशांत दिसतो. डोळ्यापासून पडद्याच्या दोन कडांपर्यंत दोन सरळ रेषा ओढल्या, की त्यांच्यामध्ये जो कोन तयार होतो, तेच त्या पडद्याचे खरे दृष्टिक्षेत्र. माणसाला मान न वळविता डाव्या-उजव्या बाजूंचे मिळून सुमारे १८० अंशांहून अधिक दिसते. त्यातला किती भाग पडदा व्यापतो, हा कळीचा मुद्दा आहे.

२७ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर असते. ७० सेंटिमीटर अंतरावरून तो अवघा ४६ अंशांचा कोन व्यापतो. त्याच अंतरावर ३४ इंची अल्ट्रावाइड ५९ अंश, तर ४९ इंची वक्राकार मॉनिटर सुमारे ९० अंश व्यापतो. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. ४९ इंच हा आकडा भव्य वाटत असला, तरी हा पडदा म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेले दोन २७ इंची मॉनिटरच. उंचीत तो २७ इंची मॉनिटरपेक्षा वरचढ नसतो. तीन २७ इंची मॉनिटर योग्य कोनात वळवून ठेवले, तर १३९ अंशांचे दृश्य मिळते. तीन ३२ इंची मॉनिटरनी ते १६१ अंशांपर्यंत जाते.

अंतराचा परिणाम तर आकारापेक्षाही मोठा आहे. कार्यालयांनी बदललेले २४ इंची मॉनिटर जुन्या मालाच्या बाजारात सहज मिळतात. एकाच बनावटीचे असे तीन मॉनिटर डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर मांडले, तर १४३ अंशांचे दृश्य मिळते. म्हणजे अनेक पटींनी महाग असलेल्या ४९ इंची मॉनिटरपेक्षा ते दीडपटीहून अधिक रुंद ठरते. दृश्याच्या गुणवत्तेत मात्र तडजोड करावी लागते. असे जुने मॉनिटर बहुधा सेकंदाला ६० चित्रेच दाखवितात. ताशी १८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन चित्रांच्या मधल्या वेळात ८३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला १४४ चित्रे दाखविणाऱ्या मॉनिटरवर हेच अंतर ३५ सेंटिमीटरवर येते. ब्रेकचा नेमका क्षण साधताना हा फरक जाणवतो.

शेजारची गाडी दिसते का?

रुंद दृश्य हवे कशासाठी, याचे उत्तर शर्यतीच्या स्वरूपातच आहे. एकट्याने वेळ नोंदविणाऱ्याला समोरचा रस्ता आणि वळणाचा आतला कोपरा दिसला, तरी बऱ्यापैकी भागते. इतरांच्या बरोबरीने धावणाऱ्याला शेजारी कोण आहे, हे कळणे अपरिहार्य असते.

समजा, प्रतिस्पर्ध्याच्या गाडीची जवळची बाजू चालकाच्या डोळ्यापासून आडव्या दिशेने दोन मीटरवर आहे. चालकासमोर एकच २७ इंची मॉनिटर असेल, तर ती गाडी डोळ्याच्या रेषेपासून सुमारे पावणेपाच मीटर पुढे येईपर्यंत पडद्यावर उमटणार नाही. आपल्याकडील छोट्या मोटारी चार मीटरहून कमी लांबीच्या असतात, हे ध्यानात घेतले, तर या अंतराचा अर्थ उमगतो. एक अख्खी गाडी शेजारून पुढे सरकते, तरी चालकाला तिचा पत्ता नसतो. ४९ इंची मॉनिटरवर हेच अंतर दोन मीटरवर येते. तीन २७ इंची मॉनिटर असतील, तर प्रतिस्पर्ध्याच्या गाडीचे नाक पाऊण मीटर पुढे येताच ते नजरेच्या कडेला दिसू लागते. वळणावर दार लावायचे की जागा सोडायची, हा निर्णय याच अर्ध्या-पाऊण सेकंदात घ्यावा लागतो. ‘आयरेसिंग’सारख्या खेळात धडकांची नोंद खेळाडूच्या सुरक्षितता गुणांवर होत असल्याने त्याची किंमतही मोजावी लागते.

एका मॉनिटरवर खेळणारे यावर एक पळवाट काढतात. ४६ अंशांच्या पडद्यावर ते ८० किंवा ९० अंशांचे दृश्य कोंबतात. त्याने बाजूचे अधिक दिसते खरे, पण दूरचे वळण असते त्याहून लांब भासते आणि वेग अवास्तव जाणवतो. ब्रेक दाबण्याचा अंदाज त्यामुळे चुकतो. पडद्यावर मिळविलेली सवय खऱ्या गाडीत नेण्याची इच्छा असणाऱ्यांना ही तडजोड महागात पडते. त्यापेक्षा दृश्याचा कोन प्रामाणिक ठेवून शेजारच्या गाडीची सूचना देणारा आवाज किंवा पडद्यावरील रडार वापरणे अधिक श्रेयस्कर.

पिक्सेलचा भार

पडदे वाढले, की संगणकावरचा भार वाढतो. अनेकांचे अंदाजपत्रक नेमके येथेच कोलमडते. मॉनिटरची किंमत एकदा दिसते. ते चालविणाऱ्या ग्राफिक्स कार्डची किंमत मात्र नंतर कळते.

साध्या फुल एचडी मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. असे तीन जोडले, तर संख्या ६२ लाखांवर जाते. ४९ इंची मॉनिटरवर सुमारे ७३.७ लाख पिक्सेल भरतात. फोर-के पडद्यावर ती संख्या ८३ लाख असते. एकेक मॉनिटर १४४० पिक्सेल उंचीचा घेऊन तीन जोडले, तर एकूण संख्या १ कोटी १० लाखांवर पोहोचते. सेकंदाला शंभराहून अधिक वेळा हे सारे पिक्सेल नव्याने रंगवायचे असतात. त्यात शर्यतीच्या आरंभी वीस-तीस गाड्या एकाच वेळी समोर असल्या, की दुबळ्या संगणकाची दमछाक होते. चित्र अडखळू लागते. म्हणूनच १४४० उंचीचे तीन मॉनिटर घेण्यापूर्वी फोर-के खेळ सहज पेलणारे कार्ड आपल्याकडे आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. त्या कार्डवर तीन मॉनिटर जोडण्याइतक्या जोडण्या आहेत का, हेही पाहावे.

तीन पडद्यांची कल्पना नवी नाही. २००२ मध्ये मॅट्रॉक्स कंपनीच्या पार्हेलिया कार्डने तीन मॉनिटरवर खेळ दाखविण्याची सोय केली होती. २००९ मध्ये एएमडीने आणि त्यापाठोपाठ एनव्हिडियाने ती सार्वत्रिक केली. तरीही सर्व खेळ तीन पडद्यांना सारखाच न्याय देत नाहीत. एकच सपाट चित्र तीन पडद्यांवर ताणले, तर कडेच्या गाड्या विचित्र लांबतात. ‘आयरेसिंग’ आणि ‘असेटो कोर्सा’ या खेळांत मॉनिटरची रुंदी, अंतर आणि कोन नोंदविता येतो व प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र दृश्य तयार होते. तीन मॉनिटरचे खरे सार्थक येथेच होते. प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ खेळणाऱ्याला तीन मॉनिटरचा उपयोग नाही. त्याने एकाच चांगल्या पडद्यावर खर्च करावा.

विजेचा हिशेबही करायला हवा. मध्यम ते वरच्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड २०० ते ३०० वॅट वीज घेते. संगणकाचे उर्वरित भाग आणि तीन मॉनिटर धरता एकूण आकडा ५०० वॅटच्या आसपास जातो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच पेलतो. ऐन शर्यतीत वीज गेली, तर तो हा भार सांभाळू शकणार नाही.

दहा बाय दहाची खोली

शहरातील सदनिकांमध्ये मुलांची खोली बहुधा दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा फुटांची असते. त्यात पलंग, कपाट आणि अभ्यासाचे टेबल आधीच ठाण मांडून असते. तीन २७ इंची मॉनिटर अर्धवर्तुळात मांडले, तर त्यांना सुमारे पावणेपाच फूट रुंदी लागते. ३२ इंची असतील, तर पाच फुटांहून थोडी अधिक. कडेचे दोन मॉनिटर पुढे वळत असल्याने खेळाडूच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा अडते. याच टेबलावर अभ्यास करायचा असेल, तर हे तीन पडदे रोज हलविता येत नाहीत. एकच लांबट मॉनिटर चार फुटांत मावतो आणि दिवसा कार्यालयीन कामालाही उपयोगी पडतो. घरून काम करणाऱ्या संगणक अभियंत्यांना तो अधिक सोयीचा वाटतो, त्यामागे हे कारण आहे.

भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्याची मुभा नसते. अशा वेळी जमिनीवर उभा राहणारा स्वतंत्र लोखंडी स्टँड लागतो आणि त्याचा खर्च बहुतेकांच्या हिशेबात धरलेला नसतो. मॉनिटर आणि स्टिअरिंग एकाच टेबलावर बसविणे टाळावे. जोरदार झटके देणारे स्टिअरिंग टेबल हलविते आणि त्यासोबत चित्रही थरथरते.

घरातला ४३ इंची टीव्ही हाही एक पर्याय आहे. ८० सेंटिमीटरवरून तो ६१ अंश व्यापतो, म्हणजे ३४ इंची अल्ट्रावाइडच्या तोडीचे दृश्य देतो. मात्र, हाताची हालचाल आणि पडद्यावरील चित्र यांत विलंब होऊ नये, म्हणून त्याचा गेम मोड सुरू ठेवावा लागतो. डोक्यावर चढविण्याचे व्हीआर उपकरण खोलीची अडचण पूर्णपणे मिटविते. मान वळवून सगळीकडे पाहता येते. परंतु चष्मा, घाम आणि काहींना होणारी मळमळ यांमुळे तासाभराच्या शर्यतीत ते सर्वांनाच मानवते असे नाही.

आधी काय, नंतर काय?

या साऱ्याचा मथितार्थ असा, की करकपातीने निवडीतील एक अन्याय्य अडसर दूर केला, निवड मात्र सोपी केलेली नाही. नवख्या खेळाडूने पहिला पैसा चांगल्या पेडलवर आणि स्टिअरिंगवर खर्च करावा. ब्रेकचा दाब पायाला कळला नाही, तर १६० अंशांचे दृश्यही वेळ कमी करून देणार नाही. घरात असलेला एक मॉनिटर जवळ ओढून, डोळ्याच्या उंचीवर बसवून आणि खेळात खरा कोन नोंदवून सहा महिने सराव करावा. एकट्याने वेळ नोंदविण्यात किंवा रॅलीत रस असेल, अथवा त्याच पडद्यावर नोकरीचे कामही करायचे असेल, तर लांबट मॉनिटर योग्य. लीगमध्ये नियमितपणे चाकाला चाक लावून धावायचे असेल आणि संगणक तितका समर्थ असेल, तर तीन मॉनिटरला पर्याय नाही.

एक बाब संस्थांनीही विचारात घेण्याजोगी आहे. तीन पडद्यांचा एक संच एका घरात दिवसातले फार तर दोन तास वापरला जातो. तोच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा क्रीडा संकुलात बसविला, तर दिवसभरात वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना त्यावर सराव करता येईल. ई-क्रीडेला क्रीडा म्हणून मान्यता मिळाली असेल, तर तिच्या साधनांचा सगळा बोजा पालकांच्या खिशावर का टाकावा, हा प्रश्न उरतोच. शर्यतीची गाडी बांधणारे विद्यार्थी ज्या शहरात आहेत, तेथे ती चालवून पाहण्याची सोय त्याच आवारात होणे फारसे अवघड नसावे.

तोपर्यंत प्रत्येकाला आपला हिशेब स्वतःच करावा लागेल. दुकानात जाण्यापूर्वी खुर्चीत बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजले, तर पुढचे बरेचसे निर्णय त्या एका आकड्यावरून घेता येतात.

७० सेंटिमीटर अंतरावरून दिसणारे दृश्य

एक २७ इंची मॉनिटर : ४६ अंश

एक ३४ इंची अल्ट्रावाइड : ५९ अंश

एक ४९ इंची वक्राकार : सुमारे ९० अंश

तीन २४ इंची मॉनिटर : १२५ अंश

तीन २७ इंची मॉनिटर : १३९ अंश

तीन ३२ इंची मॉनिटर : १६१ अंश